दाराशी उभे केलेले विजेते

१/
३० सप्टेंबर २०२५ रोजी अल्माटी येथे रेआल माद्रिदने कझाकस्तानच्या कैरात संघाचा ५-० असा पराभव केला, आणि एक जुनीच तक्रार नव्या दमाने ऐकू येऊ लागली. असले संघ चॅम्पियन्स लीगच्या मुख्य स्पर्धेत हवेत कशाला? जुलै-ऑगस्टमधल्या त्या कंटाळवाण्या पात्रता फेऱ्या हव्यात कशाला? मोठ्यांचे सामने मोठ्यांशी व्हावेत, बाकीच्यांनी आपापल्या घरी खेळावे. हा धागा या तक्रारीला उत्तर देण्यासाठी आहे. धागा मोठा आहे, कारण तक्रार जरी चार ओळींची असली तरी तिच्यामागचे अज्ञान सत्तर वर्षांचे आहे.

२/
आधी त्या ५-० चा हिशेब संपवू. त्याच वर्षी ३१ मे रोजी म्युनिक येथे याच स्पर्धेचा अंतिम सामना झाला. पॅरिस सेंट-जर्मेनने इंटर मिलानला हरवले. गोल किती? ५-०. त्या रात्री इंटरला मुख्य स्पर्धेतून काढा असे कोणी म्हटल्याचे स्मरत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये लिस्बनला बायर्न म्युनिकने बार्सिलोनाला ८-२ असे झोडपले, तेव्हाही बार्सिलोनाने पुढच्या वर्षी पात्रता फेरीपासून सुरुवात करावी अशी सूचना आली नाही. मोठा हरला की ती ‘एक वाईट रात्र’ असते; लहान हरला की ती त्याची लायकी ठरते. गोलफलक तोच, न्याय मात्र दोन.

३/
या तक्रारीच्या तळाशी एक गृहीतक आहे: ही स्पर्धा मुळात धनाढ्य क्लबांची, आणि लहान देशांच्या विजेत्यांना तिच्यात औदार्याने चार जागा दिल्या जातात. वाचकहो, इतिहास याच्या नेमका उलट आहे. स्पर्धा विजेत्यांची होती. तिच्यात शिरलेले पाहुणे दुसरेच आहेत.

४/
१९५४ च्या डिसेंबरात वुल्व्हरहॅम्प्टनने हंगेरीच्या होन्वेद संघाला मैत्रीपूर्ण सामन्यात ३-२ असे हरवले. इंग्लिश वृत्तपत्रांनी लगेच आपला संघ जगज्जेता ठरवून टाकला. पॅरिसच्या ‘लेकिप’ या क्रीडा दैनिकाचे संपादक गाब्रिएल आनो यांना ही घाई मान्य नव्हती. जगज्जेतेपद जाहीर करण्याआधी माद्रिदला जा, मिलानला जा, तिथे खेळून दाखवा, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. त्यातूनच युरोपीय क्लबांच्या स्पर्धेचा आराखडा निघाला आणि १९५५-५६ मध्ये १६ संघांसह युरोपियन कप सुरू झाला. घरातल्या घरात मोठेपणा ठरवू नये, परक्याच्या मैदानावर जाऊन तो सिद्ध करावा: स्पर्धेचा जन्मच या आग्रहातून झाला आहे.

५/
इथे प्रामाणिकपणे एक कबुली द्यायला हवी. पहिल्या वर्षी सगळेच संघ विजेते नव्हते. ते निमंत्रणाचे वर्ष होते. स्कॉटलंडचा विजेता ॲबरडीन होता, पण खेळला हायबर्नियन. इंग्लंडचा विजेता चेल्सी होता. त्याला त्याच्याच लीगच्या धुरिणांनी जाऊ नका असा सल्ला दिला आणि त्याची जागा वॉर्साच्या ग्वार्डिया संघाला मिळाली. तेव्हा ‘पहिल्या दिवसापासून केवळ विजेते’ हे वाक्य जे बिनदिक्कत लिहितात त्यांनी ते दुरुस्त करावे. परंतु दुसऱ्याच मोसमापासून तत्त्व पक्के होत गेले: प्रत्येक देशाचा विजेता, आणि त्यांच्या जोडीला गतविजेता.

६/
त्या पहिल्या सोळांत एक नाव विसरण्यासारखे नाही. सारब्रुकेन. महायुद्धानंतर सार हा प्रांत जर्मनीपासून वेगळा, फ्रान्सच्या छत्राखाली होता. त्याची स्वतःची फुटबॉल संघटना होती. आज जे ‘नकाशावर शोधावे लागणारे देश’ म्हणून कैरात, काराबाग, शेरीफ यांची थट्टा करतात, त्यांच्या दृष्टीने सार तर देशही नव्हता; १९५७ च्या आरंभी तो पश्चिम जर्मनीत विलीनच झाला. या प्रांताच्या क्लबने पहिल्याच फेरीत सान सिरो मैदानावर एसी मिलानला ४-३ असे हरवले. परतीच्या सामन्यात मिलानने ४-१ अशी परतफेड केली आणि सारब्रुकेन बाहेर पडला. स्पर्धेच्या पहिल्या फेरीतच हे घडले होते. धक्का देणारे लहान संघ या स्पर्धेत मागाहून आलेले नाहीत.

७/
आता पात्रता फेरीच्या आद्य रूपाकडे वळू. १९५६-५७ मध्ये संघ वाढले, तेव्हा १६ ची संख्या जमवण्यासाठी प्राथमिक फेरी आली. त्या फेरीत कोण होते? मॅट बझबी यांचा मँचेस्टर युनायटेड. इंग्लंडचा विजेता, आणि तरीही प्राथमिक फेरी. बेल्जियमच्या अँडरलेक्टला त्यांनी आधी २-० आणि मग मेन रोडवर १०-० असे हरवले. इंग्लंडच्या विजेत्याला हा उंबरठा ओलांडताना कमीपणा वाटला नाही, आणि १२-० अशा एकूण गोलांनी हरलेल्या बेल्जियमच्या विजेत्याला पुढच्या वर्षी येऊ नका असेही कोणी सांगितले नाही.

८/
याहून मोठा आकडा हवा? १९६५-६६ मध्ये बेनफिकाने लक्झेंबर्गच्या स्टाद दुदलांज संघावर ८-० आणि १०-० असे विजय मिळवले. एकूण १८-०. आजच्या मोजमापाने ही लक्झेंबर्गला कायमचे हद्दपार करण्याजोगी कामगिरी. पण लक्झेंबर्गचा विजेता पुढेही येत राहिला. त्याचा हक्क गोलफरकातून नव्हे, आपल्या देशाची लीग जिंकण्यातून येत होता. (याच गावातला एफ९१ दुदलांज हा दुसरा क्लब. २०१२ च्या पात्रता फेरीत त्याने साल्झबर्गला परक्या मैदानावरील गोलांच्या नियमाने बाहेर काढले.)

९/
जुनी पद्धत निष्ठुर होती, आणि ती सर्वांशी सारखीच निष्ठुर होती. १९७८ मध्ये लिव्हरपूल सलग दोनदा युरोपचा विजेता होता. पहिल्याच फेरीत सोडतीत समोर आला त्यांच्याच देशाचा नवा विजेता नॉटिंगहॅम फॉरेस्ट. लिव्हरपूल सप्टेंबरातच बाहेर. फॉरेस्टने त्या मोसमात आणि पुढच्याही मोसमात करंडक जिंकला. १९६७ मध्ये सेल्टिक, १९८६ मध्ये बुखारेस्टचा स्टेआवा, १९९१ मध्ये बेलग्रेडचा रेड स्टार. यांतल्या कोणालाही आज थेट प्रवेश गृहीत धरता येत नाही.

१०/
मग बिघडले कुठे? एक तारीख सांगायची तर १९८७ चा सप्टेंबर. स्पेनचा विजेता रेआल माद्रिद आणि माराडोनाचा नापोली पहिल्याच फेरीत समोरासमोर आले. आदल्या मोसमातल्या शिक्षेमुळे माद्रिदमधला सामना रिकाम्या बेर्नाबेऊवर झाला. रेआलने तो २-० असा जिंकला, नेपल्समध्ये १-१ बरोबरी झाली, आणि माराडोना दोन सामन्यांत युरोपबाहेर फेकला गेला. मिलानचे मालक आणि दूरचित्रवाहिन्यांचे धनी सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी यांना हे असह्य वाटले. त्यांच्या लेखी ती क्रीडास्पर्धेची हार-जीत नव्हती. तो मालाचा अपव्यय होता. प्रेक्षक खेचणारा खेळाडू सप्टेंबरात घरी बसतो म्हणजे काय! युरोपच्या दूरचित्रवाणी लीगचे आराखडे त्यानंतरच तयार होऊ लागले.

११/
युएफाने मोठ्यांना शांत करण्यासाठी एकेक पाऊल मागे घेतले. १९९१-९२ मध्ये अखेरच्या आठ संघांसाठी गटसाखळी आली. १९९२ मध्ये ‘चॅम्पियन्स लीग’ हे नाव आले. नाव आले आणि नावातला अर्थ निघून जाऊ लागला.

१२/
आता जे सांगतो ते फार थोड्यांना ठाऊक असते. सोव्हिएत संघ आणि युगोस्लाव्हिया फुटल्यावर युरोपात देश वाढले, म्हणजे विजेतेही वाढले. दार रुंद करण्याची ती वेळ होती. युएफाने १९९४-९५ पासून ते अरुंद केले. स्पर्धा २४ संघांची. आठांना गटात थेट प्रवेश, उरलेल्या सोळांना पात्रता फेरी. आणि क्रमवारीत त्याखाली असलेल्या देशांचे विजेते? त्यांना चॅम्पियन्स लीगमध्ये मज्जावच. वेल्सचा विजेता, आइसलँडचा विजेता यांची रवानगी युएफा कपमध्ये झाली. सलग तीन मोसम ‘विजेत्यांच्या लीग’मध्ये युरोपातल्या कित्येक विजेत्यांना अर्जसुद्धा करता येत नव्हता. आजच्या तक्रारखोरांचे स्वप्न एकदा प्रत्यक्षात उतरलेले आहे. त्याचे कौतुक करणारा जुना प्रेक्षक मला तरी भेटलेला नाही.

१३/
१९९७ मध्ये ही बंदी उठली. पण कोणत्या सौद्यात, ते पाहा. लहान देशांचे विजेते पात्रता फेरीच्या पायरीवर परत आले आणि त्याच वर्षी आठ बड्या देशांचे उपविजेते पंगतीत बसले. दोन वर्षांनी स्पर्धा ३२ संघांची झाली, आणि अव्वल तीन देशांना प्रत्येकी चार जागा मिळाल्या. चौथ्या क्रमांकाचा संघ ‘चॅम्पियन्स’ लीगमध्ये! मराठीत आपण उपविजेत्याला विजेता म्हणत नाही. चौथ्याला तर काहीच म्हणत नाही.

१४/
आता या वादातला माझा सर्वांत आवडता पुरावा. १९९९ चा बार्सिलोनातला अंतिम सामना सर्वांना आठवतो: मँचेस्टर युनायटेड विरुद्ध बायर्न म्युनिक, भरपाई वेळेतले दोन गोल, शेरिंगहॅम, सोल्शेअर. त्या दोघांपैकी आदल्या मोसमात आपल्या देशाचा विजेता कोण होता? कोणीही नाही. इंग्लंडमध्ये आर्सेनल जिंकला होता, जर्मनीत कायझर्सलाउटर्न. दोघेही उपविजेते म्हणून आले, आणि दोघेही पात्रता फेरीतून आले. युनायटेडने पोलंडच्या वूज शहरातील ŁKS ऐवजी सोप्या भाषेत ‘एलकेएस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संघाला हरवले, बायर्नने बेलग्रेडच्या ओबिलिचला. म्हणजे ज्या रात्रीची आठवण आजही चॅम्पियन्स लीगच्या जाहिरातीत वापरली जाते, ती रात्र पात्रता फेरीने दिलेली आहे.

१५/
पुढे ऐका. २००५ चा विजेता लिव्हरपूल: आदल्या मोसमात इंग्लंडमध्ये चौथा, पात्रता फेरीत ऑस्ट्रियाच्या ग्राझर एके संघाशी सामना, आणि त्यांतला घरचा सामना ०-१ असा गमावलेला. २००७ चा विजेता मिलान: इटलीतील सामना-पंचांच्या गैरव्यवहाराच्या प्रकरणात गुण कापले गेले, म्हणून पात्रता फेरीत यावे लागले, तिथे रेड स्टार बेलग्रेडला हरवून पुढे. तेव्हा या फेऱ्या ‘कंटाळवाण्या’ नव्हत्या. मोठ्यांच्या घसरलेल्या मोसमानंतर त्यांना परत आत घेणारे ते दार होते.

१६/
गरज सरो, वैद्य मरो. २०१८ पासून अव्वल चार देशांच्या चारही संघांना थेट प्रवेश मिळू लागला. ३२ पैकी १६ जागा चार देशांच्या. पात्रता फेऱ्यांतून मिळणाऱ्या जागा दहावरून सहावर आल्या. बड्यांनी स्वतःला त्या रांगेतून सोडवून घेतले आणि मगच ती रांग निरुपयोगी असल्याचा साक्षात्कार त्यांच्या चाहत्यांना झाला.

१७/
आजचे आकडे. २०२४-२५ पासून स्पर्धा ३६ संघांची. २९ संघ थेट. सात पात्रता फेऱ्यांतून. त्यांतल्या पाच जागा विजेत्यांच्या मार्गासाठी, दोन बिगरविजेत्यांसाठी. क्रमवारीतल्या पहिल्या दहा देशांच्या विजेत्यांना थेट प्रवेश असतो. उरलेल्या चाळीसहून अधिक देशांच्या विजेत्यांनी पाच जागांसाठी झुंजायचे. २०२५-२६ मध्ये एकट्या इंग्लंडचे सहा संघ मुख्य स्पर्धेत होते. त्यांतला टॉटनहॅम आपल्या लीगमध्ये सतरावा आला होता. (त्याने युरोपा लीग जिंकली होती, हे मान्य. ती जागा त्याने मैदानावर कमावली. पण मग मैदानावर कमावण्याचा हा न्याय अल्मातीच्या वाट्याला आला की लोकांचे पोट का दुखते?)

१८/
‘पण क्रमवारी तर कामगिरीवरच ठरते ना?’ हा प्रश्न नेहमी येतो. अर्धे खरे आहे. देशाचा गुणांक पाच मोसमांच्या युरोपीय निकालांवरून काढतात. ज्याला जागा जास्त, त्याचे संघ पुढच्या फेऱ्यांत जास्त. पुढच्या फेऱ्यांत बोनस गुण जास्त. म्हणून पुन्हा जागा जास्त. शिवाय क्लबाच्या स्वतःच्या खात्यात काही नसले तरी त्याला आपल्या देशाच्या गुणांकाचा पाचवा हिस्सा आधार म्हणून धरता येतो. म्हणजे इंग्लंडचा नवखा क्लब वाडवडिलांच्या पुण्याईवर वरच्या मानांकनात बसतो, आणि फॅरो बेटांचा विजेता स्वतःच्या पायांवर चालत येऊनही खालच्या भांड्यात पडतो. सोडतही मानांकनानुसारच.

१९/
न्याय्य बोलायचे तर एक माणूस या प्रवाहाविरुद्ध उभा राहिला. मिशेल प्लातिनी. पुढे त्यांच्या कारकिर्दीचे जे झाले ते झाले. त्याचे समर्थन मला करायचे नाही. पण २००७ मध्ये लेनार्ट योहान्सन यांना २७-२३ मतांनी हरवून ते युएफाचे अध्यक्ष झाले आणि २००९ पासून त्यांनी पात्रता फेऱ्यांचे दोन मार्ग केले. विजेत्यांनी विजेत्यांशी खेळावे, चौथ्या-पाचव्या क्रमांकाच्या श्रीमंतांनी आपसांत. ऑगस्टमध्ये सायप्रसच्या विजेत्याच्या वाट्याला इंग्लंडचा चौथा संघ येणे थांबले. दोनच वर्षांनी निकोसियाचा अपोएल गटात झेनित, पोर्तो आणि शाख्तर यांच्या वर पहिला आला, लिऑनला पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवून उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. दार उघडले की काय होते, त्याचे हे उत्तर.

२०/
आता स्वतः त्या फेऱ्यांत डोकावू, कारण टीका करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्या पाहिलेल्याच नसतात. १२ जुलै २०१६, जिब्राल्टर. विमानतळाच्या धावपट्टीला लागून असलेले व्हिक्टोरिया स्टेडियम, कृत्रिम हिरवळ, मागे तो प्रसिद्ध खडक. लिंकन रेड इम्प्सने सेल्टिकला १-० असे हरवले. गोल केला ली कासियारोने. तो नोकरीने पोलीस होता. ब्रेंडन रॉजर्स यांचा सेल्टिकचे प्रशिक्षक म्हणून तो पहिला अधिकृत सामना. आठवड्याभराने सेल्टिकने ३-० असे जिंकून पुढचा रस्ता धरला, ते वेगळे. लिंकनला जायचे होते तिथवर ते पोहोचून आले होते.

२१/
२७ ऑगस्ट २०१४, सोफिया. बल्गेरियाच्या राझग्राद या लहानशा शहराचा लुदोगोरेत्स आणि १९८६ चा युरोपविजेता स्टेआवा. ९० व्या मिनिटाला वांदेरसनच्या गोलने लुदोगोरेत्सने बरोबरी साधली. ११९ व्या मिनिटाला त्यांचा गोलरक्षक स्तोयानोव्ह लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. बदली खेळाडू संपलेले. तेव्हा कोस्मिन मोत्सी या बचावपटूने हातमोजे चढवले. शूटआऊटमधली पहिली पेनल्टी त्याने स्वतः मारली, गोल केला, मग गोलपोस्टमध्ये उभा राहून दोन पेनल्टी अडवल्या. लुदोगोरेत्स गटसाखळीत गेला, जिथे रेआल माद्रिद आणि लिव्हरपूल वाट पाहत होते. हा सामना ‘कंटाळवाण्या’ पात्रता फेरीतला आहे, याची नोंद घ्यावी.

२२/
आणि क्रौर्यही तिथेच आहे. २०१४ मध्येच लेगिया वॉर्साने सेल्टिकला ४-१ आणि २-० असे धुऊन काढले. दुसऱ्या सामन्यात, ८६ व्या मिनिटाला, एकूण गोलफरक पाचाचा असताना, बार्तोझ बेरेशिन्स्की बदली म्हणून उतरला. त्याच्यावर तीन सामन्यांची बंदी होती. तो ती भोगून झाला असे क्लब समजत होता. पण आदल्या फेरीच्या यादीत त्याचे नावच नोंदवले नसल्याने ते सामने बंदीत धरले गेले नाहीत. युएफाने तो सामना ३-० असा सेल्टिकला दिला. एकूण ४-४, परक्या मैदानावरील गोलामुळे सेल्टिक पुढे. एका कारकुनी चुकीने पोलंडच्या विजेत्याचे वर्ष गेले. सेल्टिकला तरी काय लाभले? पुढच्याच फेरीत स्लोव्हेनियाच्या मारिबोरने त्यांना घरी पाठवले.

२३/
काराबागचे तर मैदानच उरले नव्हते. अघदाम शहर जुलै १९९३ मध्ये युद्धात पडले. त्याच वर्षी हा क्लब अझरबैजानचा विजेता झाला. क्लबाचे माजी प्रशिक्षक अल्लाहवेर्दी बागिरोव्ह सेनानी म्हणून लढताना १९९२ मध्ये सुरुंगस्फोटात मारले गेले. शहर उद्ध्वस्त झाले, क्लब बाकूत निर्वासितासारखा जगला. दरवर्षी जुलैत तो पात्रता फेऱ्यांना उभा राहत गेला. २०१७ मध्ये प्रथम मुख्य स्पर्धेत पोहोचला, तेव्हा चेल्सीने ६-० असे हरवले. ‘काढा यांना’ हा सूर तेव्हाही होता. आठ वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, लिस्बनला बेनफिकाविरुद्ध ०-२ असा मागे पडूनही त्याने ३-२ असा विजय मिळवला. त्याच मोसमात बाकूत चेल्सीला २-२ असे रोखले. सहा गोल खाल्ल्याच्या दिवशी दार बंद केले असते तर हे घडले नसते.

२४/
विरुद्ध बाजूचा एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे आणि त्याला टाळणे लबाडीचे होईल. पात्रता फेरी जिंकणाऱ्या लहान क्लबाला इतका पैसा मिळतो की त्याच्या देशातली स्पर्धाच मरते. आज मुख्य फेरीत नुसते पोहोचण्याचे १ कोटी ८६ लाख २० हजार युरो मिळतात. लुदोगोरेत्सने २०१२ पासून २०२५ पर्यंत सलग १४ वेळा बल्गेरियाची लीग जिंकली. बेलारूसच्या बाटेने त्याआधी सलग १३ वेळा. २०२१ मध्ये बेर्नाबेऊवर रेआल माद्रिदला २-१ असे हरवणारा शेरीफ तिरास्पोल ही तर रोमहर्षक कथा खरी, पण तो क्लब ट्रान्सनिस्ट्रियावर पकड असलेल्या एका कंपनीचा, आणि संघ बहुतांशी परदेशी. भाबडेपणाने त्याची आरती ओवाळण्यात अर्थ नाही.

२५/
पण या आक्षेपाचा निष्कर्ष काय निघतो? पैशाची वाटणी सुधारा, इतकाच. पात्र ठरलेल्या क्लबाच्या रकमेतला ठोस वाटा त्याच्या देशातल्या इतर क्लबांना द्या. दार बंद करा असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. बायर्नने २०१३ पासून सलग अकरा वेळा जर्मनीची लीग जिंकली. तेव्हा मक्तेदारीचा हा युक्तिवाद बायर्नला बाहेर काढण्यासाठी कोणी वापरला होता का?

२६/
दार पूर्ण बंद झाले तर कसे दिसेल, हेही आपण पाहिले आहे. १८ एप्रिल २०२१ च्या रात्री बारा क्लबांनी सुपर लीग जाहीर केली. वीस संघ, त्यांतले पंधरा कायमचे सभासद. कितीही हरा, जागा शाबूत. त्या बारांत टॉटनहॅम आणि आर्सेनल होते, ज्यांनी युरोपियन कप एकदाही जिंकलेला नव्हता. सारब्रुकेन, अपोएल, मोत्सी यांना तिथे स्थान नव्हते. दोन दिवसांत इंग्लंडच्या सहाही क्लबांना माघार घ्यावी लागली, कारण त्यांचेच चाहते रस्त्यावर उतरले. पुढे युएफाच्या नव्या आराखड्यातही जुन्या गुणांकावर दोन जागा राखून ठेवण्याची कल्पना होती. ती मे २०२२ मध्ये सोडून द्यावी लागली.

२७/
हा प्रश्न फक्त युरोपचा नाही, म्हणून थोडे आपल्या किनाऱ्याकडे. आशियाई स्पर्धांची रचनाही हीच आहे. १३ ऑगस्ट २०२५ रोजी फातोर्ड्याला एफसी गोवाने ओमानच्या अल सीब संघाला पात्रता सामन्यात २-१ असे हरवले. त्या एका रात्रीमुळे ऑक्टोबरात अल नासरला गोव्यात येऊन खेळावे लागले. रोनाल्डो आला नाही, गोवा १-२ असा हरला. पण गोव्याचा तो एक गोल ब्रायसन फर्नांडिसने केला, गोव्याच्या मातीतल्या मुलाने. ‘असले संघ हवेत कशाला’ म्हणणाऱ्या मराठी चाहत्यांनी त्या यादीत आपण कुठे उभे आहोत, हे एकदा पाहावे.

२८/
मागणी साधी आहे. ३६ जागा आहेत ना? त्यांतल्या निदान वीस विजेत्यांना थेट द्या, आणि बड्या देशांच्या चौथ्या-पाचव्या क्रमांकाच्या संघांना जुलैत रांगेत उभे करा. लिव्हरपूल आणि मिलान त्या रांगेतून येऊन युरोपचे विजेते झाले आहेत. त्यांचे काही बिघडले नाही. उत्तर ध्रुववृत्तापलीकडचा बोदो/ग्लिम्ट पात्रता फेरीतून आला आणि २० जानेवारी २०२६ रोजी त्याने मँचेस्टर सिटीला ३-१ असे हरवले. कोणाला कोणाशी खेळायची ‘लायकी’ आहे, हे वाहिन्यांच्या दरपत्रकावरून ठरत नाही.

२९/
आणि कैरात. ५-० च्या आधी पाच आठवडे, २६ ऑगस्ट २०२५. पहिल्या पात्रता फेरीपासून निघालेला हा संघ आपला आठवा सामना खेळत होता. समोर सेल्टिक, १९६७ चा युरोपविजेता. ग्लासगोत ०-०, अल्माटीत १२० मिनिटांनंतरही ०-०. शूटआऊटमध्ये तेमिरलान अनारबेकोव्ह या २१ वर्षांच्या गोलरक्षकाने तीन पेनल्टी अडवल्या. कैरात मुख्य स्पर्धेत गेला. पहिला सामना लिस्बनला होता, सुमारे सात हजार किलोमीटर दूर. तिथे तो ४-१ असा हरला. एक गोल करून आला.

(कप विनर्स कप १९९९ मध्ये कसा गुंडाळला गेला, ही याच कहाणीची दुसरी बाजू आहे. त्यावर स्वतंत्र धागा लिहीन.)